सोनेगावची मध्यरात्र

गेल्या महिन्यात एक प्रवासबिल माझ्या मेजावर आले आणि त्याने माझ्या चार-पाच संध्याकाळी घेतल्या. बिल सादर करणारे गृहस्थ अधिकारी श्रेणीतील. एका दिवसाच्या बैठकीसाठी त्यांना रायपूरहून नागपूरला जावयाचे होते. त्या दिवशी त्यांना सोयीचे थेट विमान मिळाले नाही. म्हणून ते सकाळी रायपूरहून दिल्लीला गेले, दिल्लीच्या विमानतळावर तीन तास बसले आणि संध्याकाळी नागपूरला उतरले. बिलाला दोन्ही तिकिटे व्यवस्थित जोडलेली होती. नियम असे सांगतो की प्रवास शक्यतो सर्वांत जवळच्या मार्गाने व्हावा. आणि कारकुनाचे काम हे की, हा मार्ग जवळचा आहे किंवा नाही यावर टिप्पणी लिहून कागद वर पाठवावा.

रेल्वेचे अंतर सांगणे सोपे असते. रूळ जमिनीवर पडलेले आहेत, त्यांची मोजणी झालेली आहे, कोष्टकात बोट ठेवले की आकडा मिळतो. हवेत रूळ नाहीत. दोन विमानतळांमधील अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर त्या दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला तर तो ज्या वाटेने बसतो, ती. मी पदवीला गणित घेतले होते, त्याचा सरकारी नोकरीत उपयोग होण्याचा हा पहिलाच प्रसंग. नागपूर आणि रायपूर येथील विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी उत्तर काढले: २८० किलोमीटर. अधिकारीसाहेब मात्र रायपूर ते दिल्ली सुमारे ९४० आणि दिल्ली ते नागपूर सुमारे ८५०, म्हणजे जवळजवळ १८०० किलोमीटर उडाले होते. नाकासमोरच्या गावाला जाण्यासाठी त्यांनी साडेसहा पट आकाश वापरले.

एवढ्यावर टिप्पणी पुरी होण्यासारखी होती. परंतु हाती अक्षांश-रेखांश होते, संध्याकाळ मोकळी होती, आणि सिव्हिक सेंटरमध्ये महात्मा गांधी कलामंदिराच्या बाजूने फिरून चहा घेतल्यावर माणसाला निष्कारण हिशेब करावेसे वाटतात. मी नागपूरची आणखी चार अंतरे काढली. मुंबई सुमारे ६८०, दिल्ली सुमारे ८५०, मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, सुमारे ९०५ आणि कलकत्ता सुमारे ९८५ किलोमीटर. मग मुंबईहून थेट कलकत्त्याचे अंतर काढले तर ते १६६५ च्या आसपास आले. नागपूरला उतरून गेले तर १६६८. दिल्लीहून मद्रासला थेट जा किंवा नागपूरला टेकून जा, फरक पुन्हा दोन-तीन किलोमीटरांचाच! देशाच्या या चार महानगरांना तिरकस जोडणाऱ्या दोन रेषा एकमेकींना जेथे छेदतात, तेथेच जवळपास सोनेगावची धावपट्टी पसरलेली आहे. हा योगायोग मी प्रथम पाहिला तेव्हा आकडे चुकले असावेत असे वाटून पुन्हा मांडले. ते चुकलेले नव्हते.

माझ्या आधी हा योगायोग ज्यांनी ओळखला होता, त्यांनी त्यावर एक सबंध व्यवस्था उभी केली होती. तिचे नाव रात्रीची विमान-टपाल योजना.

त्या योजनेपर्यंत येण्याआधी थोडे मागे गेले पाहिजे. नागपूरहून पूर्वेकडे जाणारी वाट जुनीच आहे. पहिल्या रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४१ मध्ये आमच्या छत्तीसगडातील रतनपूरवर आले आणि एप्रिल १७४२ मध्ये त्यांची फौज बरद्वानजवळ बंगालच्या नवाबासमोर उभी होती. त्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या इंग्रजांनी शहराभोवती खंदक खोदावयास घेतला, आणि बंगालमधील आयांना मुलांना झोपविण्यासाठी ‘बर्गी’ हा एक नवा बागुलबुवा मिळाला. मराठी माणसाने या इतिहासाचा उल्लेख थोडा आवाज उतरवूनच करावा असे मला वाटते. येथे सांगावयाचे ते एवढेच की, नागपूर ते बंगाल हे अंतर तेव्हा महिन्यांत मोजले जाई. पुढे १८६७ मध्ये मुंबईकडून आगगाडी नागपूरला पोहोचली, १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अरुंद मापाचे रूळ राजनांदगावपर्यंत आले, १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि तिने तेच रूळ रुंद करून कलकत्त्यापर्यंत नेले. महिन्यांच्या दोन रात्री झाल्या. स्वातंत्र्य आले त्या वेळी मुंबई-कलकत्ता पत्रव्यवहार मुख्यतः याच दोन रात्रींच्या हिशेबाने चाले.

विमानाने टपाल नेण्याची कल्पना मात्र देशाला नवी नव्हती. फेब्रुवारी १९११ मध्येच हेन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीपर्यंत काही हजार पत्रे उडवून नेली होती. तो प्रदर्शनातला चमत्कार होता. नियमित टपालाचा खरा प्रारंभ १५ ऑक्टोबर १९३२ चा. त्या दिवशी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तीच थैली बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. कराची ते अहमदाबाद ते मुंबई हे हवाई अंतर हजार किलोमीटरांहून थोडे अधिक. त्याला सव्वासात तास लागले. आणि तेही दिवसा. रात्री विमान चालविणे हा त्या काळी आपल्याकडे धाडसाचाच विषय होता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे, तेव्हा सगळे बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे.

महायुद्धाने दोन गोष्टी मागे ठेवल्या: पक्क्या धावपट्ट्या आणि स्वस्तात मिळणारी डकोटा विमाने. त्या विमानांच्या बळावर देशात एकामागून एक हवाई कंपन्या निघाल्या आणि दिवसाच्या प्रवाशांसाठी एकमेकींशी झुंजू लागल्या. विमाने रात्रभर उभी राहत. त्या वेळी दळणवळण खाते रफी अहमद किडवई यांच्याकडे होते. रात्रीची उभी विमाने आणि रात्रीच गाडीत पडून राहणारी पत्रे, या दोहोंची गाठ घालून देण्याची योजना त्यांच्या कारकिर्दीत अमलात आली. जानेवारी १९४९ च्या अखेरीस इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या कंपनीने ती सुरू केली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून आणखी एक मोठा निर्णय लागू झाला: देशांतर्गत पत्र विमानाने लवकर पोहोचत असेल तर ते विमानाने जाईल, आणि त्यासाठी जादा टपालहशील पडणार नाही.

योजनेचे स्वरूप इतके साधे होते की ते आज सांगताना कोणी चकित होत नाही, आणि म्हणूनच ते नीट सांगितले पाहिजे. रात्रीचे जेवण आटोपण्याच्या सुमारास मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून एकेक विमान निघे. चौघांचेही तोंड नागपूरकडे. मध्यरात्र उलटल्यावर ती चारही विमाने सोनेगावला उतरत. थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईच्या विमानातून दिल्लीच्या, कलकत्त्याच्या, मद्रासच्या थैल्या बाहेर पडत आणि तीन दिशांची टपाले आत चढत. काही प्रवासीही असत. तास-दोन तासांनी प्रत्येक विमान जिथून आले तिथे परत फिरे आणि पहाटे आपल्या गावी उतरे. मुंबईला संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्याच्या पोस्टमनच्या हातात.

आता हे नागपूरलाच का जमले, ते पाहू. डकोटाचा प्रवासातला वेग ताशी २६०-२७० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून नागपूर सुमारे अडीच तास, दिल्लीहून सव्वातीन, मद्रासहून तीन तास पंचवीस मिनिटे आणि कलकत्त्याहून पावणेचार तास. सर्वांत जवळच्या आणि सर्वांत लांबच्या शहरांत फरक फार तर सत्तर मिनिटांचा. कोणतेही विमान दुसऱ्याची फार वाट पाहत बसत नाही, आणि जाऊन परत येण्याला एक रात्र पुरते. हैदराबादला हे केंद्र ठेवले असते तर दिल्ली आणि कलकत्ता ही दोन्ही बाराशे किलोमीटरांच्या घरात गेली असती; एकेरी प्रवासच साडेचार तासांवर गेला असता आणि परतीच्या विमानाला वाटेत ऊन लागले असते. नागपूरहून चारांपैकी एकही शहर हजार किलोमीटरांपलीकडे नाही. डकोटाचा वेग आणि हिंदुस्थानातल्या रात्रीची लांबी यांचा मेळ त्या एका गावी बसला होता.

वेळेचा आणखी एक गमतीचा भाग आहे. आज आपण घड्याळ एक मानतो. परंतु कलकत्त्याने आपली स्वतंत्र वेळ १९४८ मध्ये सोडली होती, आणि मुंबई शहराची जुनी वेळ, जी भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, ती १९४९ मध्ये अजून पुरती गेलेली नव्हती. विमाने अर्थातच प्रमाणवेळेने चालत. पण मुंबईच्या एखाद्या जुन्या वळणाच्या गृहस्थांनी नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांच्या प्रवासाची वेळ आपल्या भिंतीवरच्या घड्याळाने मोजली असती, तर ती पाऊण तासाने कमी भरली असती!

हे सगळे सुरळीत चालले असे नाही. पहिल्या कंपनीचे पाय काही महिन्यांतच लटपटले आणि सेवा खंडित झाली. ऑक्टोबर १९४९ मध्ये हिमालयन एव्हिएशन या दुसऱ्या कंपनीने ती पुन्हा सुरू केली. १ ऑगस्ट १९५३ पासून देशांतर्गत हवाई कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन आले आणि रात्रीचे टपालही त्याच्याकडे गेले. त्याच वर्षी, १२ डिसेंबरच्या रात्री, सोनेगावहून मद्रासकडे झेपावलेले डकोटा क्षणात खाली आले. तेरा जण गेले, एकच वाचला. दुसऱ्या रात्री उरलेल्या कामाच्या माणसांनी पुन्हा थैल्या मोजल्या असतील. टपालाच्या इतिहासात वेगाचे आकडे ठळक छापतात, या तेरांचा उल्लेख मी फार थोड्या ठिकाणी वाचला.

भिलाईचा या योजनेशी काही संबंध होता काय, असे वाचक विचारतील. भिलाई तेव्हा विमानाच्या वाटेखालचे गाव होते, एवढाच. नागपूर-कलकत्ता ही सरळ रेषा मी काढून पाहिली. ती भिलाईच्या उत्तरेस पस्तीस-छत्तीस किलोमीटरांवरून जाते, आमचे गाव आणि कवर्धा यांच्या मधून. फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टीतली तापलेली मळी ओतली की सगळे आकाश तांबडे होते, हे येथे राहणाऱ्या कोणासही सांगावयास नको. नागपूर सोडल्यावर तासाभराने कलकत्त्याच्या वैमानिकाला उजव्या हाताला, काळ्या मुलखात, तो तांबडा डाग दिसल्यावाचून राहत नसणार. खाली जी माणसे रात्रपाळीला होती त्यांना डोक्यावरचा घरघराट ऐकू येत होता की नाही, हे विचारावयास आता घरात कोणी उरले नाही.

माझे आजोबा त्या माणसांपैकी एक. ते १९५७ मध्ये भिलाईला आले. थोरले भाऊ आणि आई दादरला. आजोबांच्या ट्रंकेत भावाची पत्रे अजून आहेत, आणि या हिशेबाच्या नादात मी ती प्रथमच शिक्के पाहण्यासाठी उघडली. बहुतेक पत्रांवर दादरचा शिक्का एका दिवसाचा आणि भिलाईचा तिसऱ्या दिवसाचा. थैली पहिल्या रात्री नागपूरला उतरत असली पाहिजे. तेथून पुढे गाडी, मग दुर्ग, मग आमची वस्ती. त्यांत १९६२ च्या नोव्हेंबरातले एक आंतर्देशीय पत्र आहे. आईची प्रकृती बरी नाही, काळजीचे कारण नाही, तरी जमल्यास येऊन जावे, असा मजकूर. तार केली नव्हती. तारेने माणूस घाबरतो, असे त्या पिढीचे मत होते. दादरचा शिक्का १४ तारखेचा, भिलाईचा १६ चा. आजोबांनी त्याच दिवशी रजा मागितली आणि रात्रीची गाडी पकडली. दुर्ग ते मुंबई हे लोहमार्गाचे अंतर अकराशे किलोमीटरांचे. ते १८ ला सकाळी दादरला उतरले. पणजीला १७ ला दुपारीच नेले होते.

वडील ही हकीकत सांगत तेव्हा दोष पत्राला देत. पत्र उशिरा आले, असे घरात कायम म्हटले गेले. शिक्के पाहिल्यावर मला ते खरे वाटत नाही. पत्राने त्या काळाच्या मानाने कमाल केली होती. काही पैशांच्या त्या निळ्या कागदाने मुंबई ते नागपूर अंतर अडीच तासांत कापले, आणि त्याबद्दल जादा एक पैसाही कोणी मागितला नाही. ज्याच्यासाठी तो कागद धावला, त्या माणसाला मात्र परत त्याच वाटेने जाण्यास सबंध रात्र, सबंध दिवस आणि आणखी एक रात्र लागली. सोनेगावच्या रात्रीच्या विमानांत प्रवासी असत असे मी वर म्हटले. पण कारखान्याच्या कामगाराने त्या शिडीवर पाय ठेवण्याचा विचारही केला नसता. पत्राला विमान होते, माणसाला नव्हते. टपालाच्या त्या उदार निर्णयाची ही दुसरी बाजू मला कोणत्याही अहवालात दिसली नाही, आणि दिसण्याचे कारणही नाही.

योजनेचा शेवट अपयशाने झाला नाही. तिची गरज संपली. १९५७ मध्ये ताशी पाचशे किलोमीटर जाणारी व्हायकाउंट विमाने इंडियन एअरलाइन्सकडे आली, १९६४ मध्ये कॅराव्हेल जेट आले, १९७० च्या अखेरीस बोइंग. मुंबईहून कलकत्ता जेथे अडीच तासांत गाठता येते, तेथे मध्ये उतरून थैल्या बदलण्यात उलट वेळच जातो. सत्तरीच्या दशकात सोनेगावची मध्यरात्र शांत झाली. भूगोल तसूभरही हलला नव्हता. त्या दोन रेषा आजही तेथेच छेदतात. मध्यवर्ती असणे हा नागपूरचा गुण म्हणून आपण सांगतो, पण तो अर्धा गुण डकोटाच्या मंद वेगाचा होता. नागपूरकरांना हे रुचणार नाही याची मला जाणीव आहे. माझे आजोळही तेथलेच. शहरात शून्य मैलाचा दगड आहे, त्याला देशाचा मध्यबिंदू म्हणून हार घालणारे खूप. त्या दगडावर कोरलेली अंतरे हैदराबाद, जबलपूर, चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची आहेत. मुंबई-कलकत्ता त्यात नाहीत. मोजणीदारांनी बैलगाडीच्या आणि घोड्याच्या टप्प्यातील गावे कोरली. तेव्हाचा ‘मध्य’ तेवढाच होता. गेल्या पंचवीस वर्षांत मिहान प्रकल्पाच्या निमित्ताने नागपूरच्या मध्यवर्तीपणाचा तोच युक्तिवाद पुन्हा मांडला गेला. मालवाहू विमानांना नागपूरला उतरण्याचे कारण नकाशा देऊ शकत नाही, ते विमानाच्या टाकीत आणि माल ठेवणाऱ्याच्या हिशेबात शोधावे लागते. १९४९ मध्ये ते कारण खरोखरच होते.

आता पुन्हा त्या २८० किलोमीटरांकडे. आजची मोठी विमाने ताशी आठशे किलोमीटर जातात, तेव्हा नागपूर-रायपूर हे अंतर वीस-बावीस मिनिटांचे म्हणावयास हवे. तसे होत नाही. वर चढण्यात आणि खाली येण्यातच निम्मी वाट संपते. शिवाय वेळापत्रकातला उड्डाणकाळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत मोजतात, म्हणून छापील आकडा तासाच्या आसपास जातो. सिव्हिक सेंटरहून रायपूरचा विमानतळ रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर, तेथे आधी पोहोचून बसणे, नागपूरला उतरून शहरात जाणे, हे धरले तर चार तास कोठे गेले ते कळत नाही. बिलासपूर-नागपूर वंदे भारत गाडी ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाली; ती दुर्गहून नागपूरला साडेतीन तासांच्या आसपास नेते. एवढ्या टप्प्यावर विमान गाडीला हरवू शकत नाही. दोन्ही विमानतळांमधील हे अंतर सर्वांत लवकर कापतो तो सूर्य. रायपूरच्या डोक्यावरून नागपूरच्या डोक्यावर यावयास त्याला अकरा मिनिटे लागतात, आणि त्याचे बिल येत नाही.

प्रवासाच्या नियमांत माझ्या श्रेणीला विमानाचा हक्क नाही. विमानाची बिले तपासण्याचा आहे. अधिकारीसाहेबांच्या बिलावर मी शेवटी असे लिहिले: दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर; प्रत्यक्ष प्रवास सुमारे १८०० किलोमीटर; त्याच दिवशी लोहमार्गाने जाता आले असते; मार्ग मान्य करण्याबाबत वरिष्ठांनी निर्णय द्यावा. फाइल वर गेली आहे, अजून परत आलेली नाही. पत्रे मी पुन्हा ट्रंकेत ठेवली. १४ तारखेच्या शिक्क्याचे तेवढे बाहेर आहे, वडिलांना दाखवावयाचे म्हणून.